एकशेऐंशी लिटर सांगलीचं पाणी

मालवणचा किनारा मी एकतीस वर्षं फळ्यावर काढला. पुस्तकात न बघता, एका खडूत. देवगड, मग आचऱ्याची खाडी, मग मालवणचं टोक, खाली कर्ली नदीचं मुख. सातवीच्या मुली विचारायच्या, "बाई, तुम्ही तिथल्याच का?" मी नुसती हसायचे आणि फळा पुसायला घ्यायचे. कारण मी मालवण कधी पाहिलंच नव्हतं. शाळेची सहल तीनदा तिकडं गेली आणि तिन्ही वेळा मी काहीतरी कारण काढून सांगलीत राहिले.

आता निवृत्त झाल्यावर खरं कारण सांगायला हरकत नाही. प्रवासात लघवीला कुठं जायचं, हा प्रश्न मला आयुष्यभर सुटला नाही. आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच संडास होता आणि त्याची कडी आतून लागत नसे. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. दर वेळी दार धरायला कुणाला बोलवायचं? त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, हा उपाय मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शोधून काढला. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर घोट घ्यायचा तो घरी आल्यावर. प्रवासाला तर हाच नियम, आणखी कडक.

या तपश्चर्येचं फळ म्हणून मला मुतखडा मिळाला. डॉक्टरांनी बजावलं, दिवसाला तीन लिटर पाणी, घरी असा नाहीतर प्रवासात. तीन लिटर पाणी पिऊन आठ तासांचा रस्ता कोण करणार? दवाखान्यातून परत येताना रिक्षात मला रडू आलं. खडा दुखत होताच, पण मी रडले ती त्या फळ्यावरच्या मालवणसाठी.

सुभाषराव, म्हणजे माझे यजमान, पाणीपुरवठा खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांना माणसाचं रडणं चटकन कळत नाही, लिटर मात्र लगेच कळतात. तीन लिटर हा आकडा कानावर पडताच ते ताठ बसले. "आपण संडास असलेली गाडीच घेऊ," ते म्हणाले. मला वाटलं, माझी समजूत घालताहेत. दुसऱ्या दिवशी बघते तर न्हाणीघराच्या दाराला दोरीनं वही बांधलेली. आंघोळीला किती तांबे, दात घासायला किती, भांड्यांना किती, सगळं त्यात लिहायचं. आठ दिवस मी साबणाच्या हातानं आकडे लिहीत होते.

कोल्हापुरात एक मिस्त्री टेम्पोच्या सांगाड्यावर घरगाड्या बांधून देतो असा सुगावा लागला. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. त्याच्याकडे दोन गाड्या तयार होत्या. पांढऱ्या गाडीत चांगल्या पाण्याची टाकी एकशेऐंशी लिटरची, सांडपाण्याची चाळीसची, आणि संडासाखाली अठरा लिटरची एक पेटी. ही पेटी कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढायची आणि नेऊन रिकामी करायची. निळ्या गाडीत चांगलं पाणी ऐंशीच लिटर, सांडपाण्याची टाकी मात्र सत्तरची, आणि संडासाच्या पेट्या दोन. शिवाय निळीचे पडदे छान होते. पण पडद्यांबद्दल मला कुणी विचारलं नाही.

सुभाषरावांनी पाच मिनिटांत पांढरीवर हात ठेवला. "पाणी आहे तर सगळं आहे," असं ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "काका, पाण्याचं सोडा, पन त्ये जे..." सुभाषरावांनी त्याला आपली चौतीस वर्षांची नोकरी सांगायला सुरुवात केली आणि बिचाऱ्याचं वाक्य तसंच राहिलं. ठरलं ते असं, की पांढरी चार दिवस भाड्यानं न्यायची आणि परत आल्यावर कुठली घ्यायची ते सांगायचं. माझ्यापुरतं एवढंच ठरवायचं होतं, की मी आता उरलेल्या आयुष्यात प्रवास करू शकते की नाही.

आंबोली

जानेवारीतली सकाळ होती. सांगलीच्या घरच्या नळाचं पाणी, दोनदा गाळलेलं, सुभाषरावांनी स्वतः पाइप धरून टाकीत भरलं. "बाहेरच्या पाण्याचा भरवसा नको," असं त्यांचं म्हणणं. गाडी सुरू झाली तेव्हा वळणावळणावर मागून डुबुक डुबुक ऐकू येत होतं. आजऱ्याच्या पुढं चढाला ती इतकी कण्हायला लागली, की मागची एसटी हॉर्न न वाजवता ओलांडून गेली. ड्रायव्हरला आमची दया आली असणार.

आंबोलीत एका टपरीवर चहा आणि कांदाभजी घेतली. थंडी मस्त होती. टपरीवाली म्हणाली, "आणि एक चाय दिव?" माझी मान सवयीनं 'नको' अशी हलली. मग एकदम लक्षात आलं, की दहा पावलांवर माझा स्वतःचा संडास उभा आहे. मी दुसरा चहा घेतला. वर पाणी प्याले, भरलेला पेला, घराबाहेर, दिवसाढवळ्या. मग रुबाबात चालत गाडीत गेले. सुभाषराव दाराशी पाठ करून पहारा देत उभे राहिले आणि मी आत असतानाच त्यांनी विचारलं, "किती?" वहीत लिहायचं होतं त्यांना.

बाहेर आले तर समोर तीन बायका. गडहिंग्लजकडच्या, देवदर्शनाची बस घेऊन निघालेल्या. त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा दाराकडं बघितलं. त्यातली एक जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आत सोय हाय व्हय?"

मी तो चेहरा ओळखला. एकतीस वर्षं शाळेच्या आरशात मी तोच बघितला होता. "या की," मी म्हणाले. सुभाषराव मागून "अहो, पेटी अठराचीच आहे," असं पुटपुटले, पण तोवर पहिली आत गेली होती. बसमध्ये बातमी पोचायला किती वेळ लागतो! रांगेत अकरा जणी झाल्या. एका म्हातारीनं जाताना माझ्या हातावर नारळ ठेवला आणि म्हणाली, "सकाळधरनं घोट घेतला न्हवता बघ." मला फार बरं वाटलं. बस गेली आणि संडासावरचा लाल दिवा लागला. पेटी भरली होती. मोठ्या टाकीतलं पाणी जेमतेम वीस लिटर गेलं होतं.

"हरकत नाही," सुभाषराव म्हणाले, "रिकामी करून घेऊ."

"कुठं?" मी विचारलं. त्यांनी वही उघडली. वहीत या प्रश्नाला रकानाच नव्हता.

इन्सुली

घाट उतरून सावंतवाडीजवळ हमरस्त्याला लागलो तेव्हा सुभाषरावांनी विचारलं, "डावीकडं की उजवीकडं?" मी, भूगोलाची शिक्षिका, ठामपणे म्हणाले, "डावीकडं." फळ्यावर मालवण नेहमी गोव्याच्या वर असतं. गाडीच्या काचेत वर-खाली काही नसतं. इन्सुलीचा नाका ओलांडून बरेच पुढं गेल्यावर गोव्याच्या पाट्या दिसायला लागल्या, तेव्हा चूक कळली आणि आम्ही गाडी वळवली.

म्हणजे आता आम्ही गोव्याकडून येत होतो. गोव्याकडून महाराष्ट्रात काय येतं हे जगाला माहीत आहे, आणि ते बघायलाच तो नाका आहे. हवालदारानं हात केला. गाडीला फेरी मारून त्यानं विचारलं, "कुठून आलात?"

"सांगलीहून."

"सांगलीहून, गोव्याच्या बाजूनं?"

यावर मी खाली बघितलं. त्यानं टाक्यांवर टकटक केलं. "तीन तीन टाक्या कशाला?"

सुभाषरावांना टाक्यांबद्दल कुणीतरी मनापासून विचारलं, याचाच आनंद झाला. ते खाली उतरून समजावून सांगू लागले. ही पाण्याची, ही सांडपाण्याची. "आणि ह्या बंद पेटीत?"

"मैलापाणी," सुभाषराव कचेरीतल्या आवाजात म्हणाले.

इतकं खरं उत्तर त्या नाक्यावर कुणी दिलं नसावं. हवालदाराला साहजिकच संशय आला. "उघडा."

"साहेब, नको."

"उघडा म्हणतंय मां!" चिडल्यावर तो शुद्ध मराठीतून मालवणीत आला. सुभाषरावांनी पेटी ओढली आणि झाकण फिरवलं. पुढचं सगळं दोन सेकंदांत झालं. "बंद करा, बंद करा! जावा तुमी, जावा!" नाकाला रुमाल लावून तो रस्त्याच्या पलीकडं गेला. आम्ही निघालो तेव्हा तिथूनच त्यानं ओरडून विचारलं, "पण काका, ह्या ओततलात खंय?"

सुभाषराव कुडाळ येईपर्यंत रस्त्याकडेला पेटी ओतायची सोय शोधत राहिले. वाटेत एका पेट्रोल पंपावर विचारलं, तिथला माणूस पेटी बघून मागं सरकला. कुडाळला एका लॉजच्या आवारात मुक्कामाला गाडी लावली, तर तिथला मॅनेजर म्हणाला, "माणसांका चलात. पेटयेक नाय." मी लॉजच्या संडासात जाऊन आले, पण उद्या पुढं काय, या विचारानं जेवताना पाण्याला हात लावला नाही. माझा नियम परत सुरू झाला. एक दिवसही टिकली नाही माझी मजा, याचं मला फार वाईट वाटलं आणि उगाच त्या अकरा जणींचा रागही आला.

तोंडवळी

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारात मासे बघत हिंडलो. सांगलीत आम्ही मासा म्हणजे आठवड्यातून एकदा येणारा, बर्फात झोपलेला, एवढंच ओळखतो. इथं एका बाईनं बांगडा माझ्या नाकाखाली धरून म्हटलं, "डोळे बघा तेचे, तुमच्यापेक्षा ताजे आसत." खरं होतं ते. माझे डोळे ओढलेले होते, सकाळपासून पाणी नव्हतं आणि डावी कूस दुखायला लागली होती. सुभाषरावांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वहीत गेलं असतं.

आमचा बेत तोंडवळीच्या सुरूच्या बनाजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, लोकवस्तीपासून दूर राहायचा होता. वीज नको, नळ नको, सगळं आपलं आपल्याजवळ. लोकवस्तीपासून दूर जायच्या आधीच, एका घराच्या बेड्यासमोर, म्हणजे कुंपणाच्या फाटकासमोर, गाडी वाळूत रुतली. चाकं जितकी फिरवावी तितकी खाली.

घरातून एक बाई बाहेर आल्या, पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हाताला नारळाचा काथ्या लागलेला. "खंयसून इलात? येवा, सावलेक बसा. गाडी खंय पळान जाणा नाय." या सुमनवयनी. वहिनीला इथं वयनी म्हणतात. त्यांचे यजमान बाबल गाडीखाली वाकून बघत होते. आम्ही ओटीवर टेकलो तोच वयनींनी पितळी तांब्या, दोन पेले आणि बशीत गुळाचे खडे आणून ठेवले. दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग नाव-गाव. आमच्याकडं आधी चहा विचारतात, आणि 'आत्ताच झाला' म्हटलं की विषय संपतो.

सुभाषराव दोन पेले प्याले. मी म्हणाले, "मला नको, सवय नाही."

वयनींचा चेहरा उतरला. "आमचा पाणी वायट आसा काय? आमच्या बावयेचा पाणी सगळो वाडो पिता."

"नाही हो, तसं नाही."

"मगे कसा?"

मला काय झालं कोण जाणे. आदल्या रात्रीपासून तहानलेली होते, कूस दुखत होती, समोर पाणी होतं आणि त्या बाईला मी दुखावलं होतं. मी सगळं सांगून टाकलं. शाळेची कडी, खडा, तीन लिटर, अकरा जणी, लाल दिवा. सुभाषराव खांबाकडं बघत बसले.

वयनींनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "गो बाय, मी कुडाळच्या बाजाराक जातंय त्या दिसा मीय थेंब घेनंय नाय. घराकडे येवन मगे तांब्यो तोंडाक लावतंय." आणि पेला माझ्या हातात कोंबला. "आमच्याकडे संडास नाय काय? आदी पी. मगे जा. मगे येवन परत पी."

मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि प्याले. ते पाणी गार आणि किंचित गोडसर होतं. तीन पेले झाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वयनींनी बघितलं, पण त्या हाताचा काथ्या काढत राहिल्या.

तिकडं बाबलभाऊ गाडीखालून बाहेर आले. "काका, काय भरलात ह्येच्यात? चिरे?"

"पाणी," सुभाषराव म्हणाले. "दीडशे लिटर तरी असेल अजून."

"पाणी? हय पाणी घेवन इलात?" त्यांनी आधी अंगणातल्या विहिरीकडं आणि मग माझ्याकडं बघितलं, जणू यांना असं नेहमी होतं का, असं विचारताहेत. "खंयचा?"

"सांगलीचं. दोनदा गाळलेलं."

"आदी ता सोडा. मगे गाडी हलतली."

सुभाषरावांचा चेहरा बघवेना. पण वयनी उठल्या. प्रत्येक घराच्या न्हाणीचं पाणी इथं एका माडाला जातं, आणि तो माड सगळ्यांत जास्त नारळ देतो. वयनींच्या न्हाणीमागचा माड डवरलेला होता. कुंपणाजवळचा मात्र किडकिडीत, पिवळा पडलेला. "ह्येका घाला," त्या म्हणाल्या, "ह्येच्या वाट्याक कोणाचीच न्हाणी नाय." मग पाणीपुरवठा खात्याचे निवृत्त उपअभियंता दोन जिल्हे आणि एक घाट ओलांडून आणलेलं सांगलीचं पाणी पाइपनं तोंडवळीच्या एका माडाला घालत उभे राहिले. अर्धा तास लागला. सांडपाण्याची टाकीही त्याच आळ्यात गेली. नंतर चार जणांनी खांदा लावला आणि गाडी बाहेर आली.

राहिली पेटी. सुभाषरावांनी ती लाजत लाजत पुढं केली. बाबलभाऊंनी आत बघितलं. मिस्त्रीनं दिलेलं वासाचं निळं औषध सुभाषरावांनी झाकणं मोजून, वर आणखी दोन घातलं होतं. "ह्या निळा काय ता? आमच्या टाकयेतले किडे मारतला ह्या. ते किडे हत म्हणान ती टाकी चलता. एक खेप घेतंय, भरपूर पाणी मारून. परत ह्या औषध घालू नकात." दोघांनी मिळून पेटी त्यांच्या संडासाच्या टाकीत रिकामी केली. हात धुताना बाबलभाऊ म्हणाले, "काका, पाणी तुमका कोणय दितलो. ह्या कोण घेतलो, ता आदी बघूक होया होता."

सुभाषराव बराच वेळ हात धूत राहिले. "आमच्याकडं मलनिस्सारण वेगळ्या टेबलावर होतं," ते शेवटी म्हणाले. इतकी मोठी कबुली मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकली.

बनात जायचं राहिलंच. गाडी वयनींच्या अंगणात लागली आणि दोन दिवस तिथंच राहिली. सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात, वर सोलकढी. मी एकदा भांडी घासायला बसले आणि काथ्या सोडून तारेनं घासते म्हणून वयनींची बोलणी खाल्ली. संध्याकाळी पाणी पिऊन, पोट जड असताना, मी किनाऱ्यावर गेले. उत्तरेला आचऱ्याकडं वळणारी रेघ तशीच होती, जशी मी काढायचे. फक्त फळ्यावर ती मी एका झटक्यात ओढायचे आणि इथं तिला शेवट दिसत नव्हता. मी तासभर चालले. परत फिरायची घाई नव्हती, आणि ते माझ्या परत फिरल्यावरच लक्षात आलं.

पुन्हा आंबोली

निघताना वयनींनी आमच्या टाकीत विहिरीचं पाणी घातलं, चार कळशा. "जास्त नको," सुभाषराव स्वतःहून म्हणाले. पेटी रिकामी, धुतलेली, औषधाशिवाय. आंबोलीला तीच टपरी, तीच थंडी. चहा सांगून आम्ही बाकावर बसलो तेवढ्यात एक बस येऊन थांबली. बायका उतरल्या, पदर सारखे केले, इकडंतिकडं बघितलं आणि परत बसमध्ये चढायला लागल्या. टपरीवालीनं पाणी पुढं केलं तर एकीनंही घेतलं नाही.

मी सुभाषरावांकडं बघितलं नाही. आपणहून काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पेटी अठराचीच होती आणि घर अजून चार तास लांब होतं.

ते उठले. गाडीशी जाऊन त्यांनी दार उघडलं, पायरी खाली ओढली आणि बसकडं जरा लाजत गेले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बायका आधी दचकल्या, मग एक उतरली, तिच्यामागून दुसरी. सुभाषराव दाराशी पाठ करून उभे राहिले. हातात वही होती. सातवी बाई आत गेल्यावर ते तिथूनच मला म्हणाले, "निळी घेऊ. तिला पेट्या दोन आहेत." नवव्या बाईनंतर परत म्हणाले, "मिस्त्रीला विचारतो, तिसरी बसवून देतो का."

टपरीवालीनं मला विचारलं, "आणि काय दिव?"

मी दुसरा चहा सांगितला, आणि चहाआधी तांब्याभर पाणी.